सासरचा जाच, मारहाण आणि सरकारी मदत: मराठवाड्यातून नेहमी विचारले जाणारे प्रश्न

आत्ता या घडीला घरात मारहाण चालू असेल, तर पुढचं वाचत बसू नका. 112 ला फोन लावा, पोलिसांची गाडी येते. बोलायला, विचारायला किंवा रात्री कुठे जायचं ते कळायला 181 ही महिला हेल्पलाइन आहे. दोन्ही दिवसरात्र चालू असतात, पैसे पडत नाहीत.

बाकीचे प्रश्न तालुक्याच्या ठिकाणी बायकांचे अर्ज लिहून देताना पुन्हा पुन्हा कानावर येतात. ते ज्या बोलीत येतात, जमेल तिथे त्याच बोलीत ठेवले आहेत.

नवरा हाणतो, पण मला त्याला जेलात घालायचं नाही. नुसतं हाणणं थांबावं. असं काही आहे का?

आहे. दहा बायका आल्या तर बहुतेकींचा पहिला प्रश्न हाच असतो आणि त्याचं उत्तर गावात कुणी सांगत नाही. गावात एकच शब्द माहीत असतो: केस. केस केली की नवरा आत, संसार मोडला, म्हणून निम्म्या बायका उंबऱ्यावरूनच माघारी फिरतात.

रस्ते दोन आहेत. एक पोलिसांचा, फौजदारी. पूर्वीचं 498-अ आता भारतीय न्याय संहितेत कलम 85 झालं आहे (1 जुलै 2024 पासून). त्यात तीन वर्षांपर्यंत कैद आणि दंड आहे. दुसरा रस्ता म्हणजे कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, 2005. तो 26 ऑक्टोबर 2006 पासून लागू आहे. यात तुम्ही मॅजिस्ट्रेटकडे अर्ज करून काय हवं ते मागता. त्याने हात उचलू नये, कामाच्या ठिकाणी किंवा लेकरांच्या शाळेत येऊन तमाशा करू नये, घरातून काढू नये, खावटी द्यावी, दवाखान्याचा खर्च द्यावा, स्त्रीधन परत करावं, लेकरांचा तात्पुरता ताबा तुमच्याकडे असावा, झालेल्या त्रासाची भरपाई मिळावी. एका अर्जात हे सगळं मागता येतं. नवऱ्याला अटक करा असं त्यात कुठेच म्हणावं लागत नाही. नवऱ्याजवळ नांदत असतानाही हा अर्ज चालतो. सोडून आलेलं असायला हवं, अशी अट नाही.

जेलचा विषय येतो तो पुढे. कोर्टाने दिलेला संरक्षण आदेश त्याने मोडला, तर तो गुन्हा ठरतो. त्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा 20 हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. म्हणजे सुधारायची संधी त्याला दिलेली असते, ती घ्यायची की नाही ते त्याने ठरवायचं.

दोन्ही रस्ते एकाच वेळी धरता येतात. एक घेतला म्हणून दुसरा बंद होत नाही.

हात लावत नाही, पण जगू देत नाही. हे यात बसतं का?

बसतं. कायद्यात हिंसेचे चार प्रकार धरले आहेत: शारीरिक, लैंगिक, शाब्दिक-मानसिक आणि आर्थिक. मूल होत नाही किंवा मुलगा होत नाही म्हणून टोमणे मारणं, हे तर कायद्यात थेट लिहिलेलं आहे. “तिसरी बी पोरगीच” हे रोज ऐकणाऱ्या बाईला हे माहीत असावं.

आर्थिक हिंसेत घरखर्च न देणं, तुमची मजुरी काढून घेणं, दागिने मोडणं, तुम्हाला काम करू न देणं हे येतं. लाडकी बहीणचे 1500 रुपये तुमच्या खात्यावर येतात आणि एटीएम कार्ड नवऱ्याच्या पाकिटात असतं, हेही त्यातच मोडतं. अर्ज लिहिताना बायका हे सांगतच नाहीत, कारण त्यांना ते त्रासात धरायचं असतं हेच कुणी सांगितलेलं नसतं. सांगा.

नवऱ्याने केलेल्या बळजबरीबद्दलही इथे दाद मागता येते. बायको 18 वर्षांवरील असेल तर फौजदारी कायदा नवऱ्याच्या बळजबरीला बलात्कार मानत नाही, हे खरं आहे. पण 2005 च्या कायद्यात लैंगिक हिंसा स्पष्ट आहे.

संरक्षण अधिकारी म्हणजे कोण? सापडतात कुठे?

महिला व बालविकास विभागाचा अधिकारी. तुमचं सगळं ऐकून ते कौटुंबिक घटना अहवाल भरतात. ऑफिसात त्याला डीआयआर म्हणतात. हा अहवाल मॅजिस्ट्रेटकडे जातो, एक प्रत पोलिसांना जाते. कोर्टातला अर्ज लिहायला मदत करणं, फुकट वकील मिळवून देणं, दवाखान्यात पाठवणं, निवाऱ्याची सोय पाहणं ही सगळी त्यांची कामं. याला एक रुपयाही फी नाही.

मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांत जिल्हा महिला व बालविकास अधिकारी कार्यालय आहे. तुमच्या तालुक्याला कोणते संरक्षण अधिकारी आहेत आणि ते कोणत्या वारी कुठे बसतात, हे तिथे किंवा 181 वर विचारा. अंगणवाडीताईलाही बहुतेक वेळा माहीत असतं. फोन करून मगच निघा. किनवटच्या बाईला नांदेड किंवा आष्टीच्या बाईला बीड म्हणजे दिवसाची मजुरी बुडते. एसटीला बायकांना अर्धं तिकीट आहे, तेवढाच आधार. साहेब मीटिंगला गेलेत हे ऐकायला इतक्या लांब जाऊ नये.

ते भेटलेच नाहीत तर अडून बसू नका. वकिलामार्फत किंवा स्वतः थेट मॅजिस्ट्रेट कोर्टात अर्ज करता येतो. सुप्रीम कोर्टाने 2022 साली स्पष्ट केलं आहे की डीआयआर नाही म्हणून अर्ज अडवता येणार नाही.

पोलीस स्टेशनला गेले होते. एनसी करून पाठवून दिलं. आता?

एनसी म्हणजे अदखलपात्र नोंद. मॅजिस्ट्रेटच्या परवानगीशिवाय पोलीस त्यात तपास करू शकत नाहीत, त्यामुळे ती पावती घेऊन घरी आलं की बहुतेकदा पुढे काहीच होत नाही. तरी पावती फेकू नका. कोणत्या तारखेला तुम्ही दाद मागितली होती, याचा तो पुरावा आहे.

कलम 85 चा गुन्हा दखलपात्र आहे. तक्रार स्वतः बाईने किंवा तिच्या नात्यातल्या माणसाने दिली तर पोलिसांना तो नोंदवता येतो. गुन्हा सासरच्या गावात घडला आणि तुम्ही माहेरी आहात, तरी माहेरच्या ठाण्यात तक्रार देता येते. ते झिरो नंबरने नोंदवून पुढे पाठवतात. “आमच्या हद्दीत येत नाही” हे उत्तर आता नव्या संहितेत बसत नाही. एफआयआरची प्रत फुकट मिळते, मागून घ्या. नवऱ्या-बायकोच्या प्रकरणात पोलीस आधी प्राथमिक चौकशी करू शकतात, त्यामुळे चौकशीला बोलावलं म्हणजे तक्रार बुडाली असं समजू नका.

तरीही नोंदवून घेत नसतील, तर तीच तक्रार लेखी करून जिल्ह्याच्या पोलीस अधीक्षकांना पोस्टाने पाठवा आणि रजिस्टरची पावती जपा. त्यानंतरही काही झालं नाही तर मॅजिस्ट्रेटकडे जाता येतं.

अधीक्षक किंवा आयुक्त कार्यालयाशी जोडलेला भरोसा सेल किंवा महिला तक्रार निवारण केंद्र असतं, आणि काही ठिकाणी पोलीस ठाण्यातच महिला व मुलांसाठी विशेष सहाय्य कक्ष असतो. तिथे समुपदेशक दोन्ही बाजूंना बोलावतात. काही घरं तिथून खरंच सावरतात. पण माझं मत स्पष्ट आहे. तिसऱ्या तारखेलाही नवरा आला नाही, किंवा आला, माफी मागितली आणि घरी नेऊन पुन्हा मारलं, तर चौथ्या तारखेची वाट पाहू नका. समुपदेशन चालू असतानाही कोर्टात अर्ज करता येतो. “आधी इथलं संपू द्या” असं कुणी म्हटलं, तर ते कायद्यात कुठे लिहिलंय ते विचारा.

आणि एक गोष्ट वेळेची. कलम 85 च्या गुन्ह्यासाठी कोर्टाला दखल घ्यायला साधारण तीन वर्षांची मुदत आहे. बघू पुढच्या दिवाळीनंतर असं करत ती निघून जाते.

दवाखान्यात काय सांगायचं?

खरं. नुसतं लागलं असं नको. कुणी मारलं आणि कशाने मारलं, तेही सांगा.

हे सोपं वाटतं, पण केसपेपरवर काय असतं ते बघा: “बाथरूममध्ये घसरून पडल्याने.” सासू शेजारी उभी असते, डॉक्टर घाईत असतात, बाई मान हलवते आणि तेच लिहिलं जातं. सहा महिन्यांनी कोर्टात समोरचा वकील तोच कागद वर काढतो. सासरचं माणूस सोबत असेल तर नर्सला म्हणा, मला एकटीला बोलायचंय. “नवऱ्याने लाकडाने मारलं” एवढं वाक्य केसपेपरवर आलं पाहिजे आणि त्याची एमएलसी, म्हणजे पोलिसांकडे जाणारी दवाखान्याची नोंद, झाली पाहिजे. ग्रामीण रुग्णालय असो, संभाजीनगरची घाटी असो की अंबाजोगाईचं सरकारी मेडिकल कॉलेज, कौटुंबिक हिंसेची बाई आली तर उपचार नाकारता येत नाहीत. आधी पोलिसांची चिठ्ठी आणा असं कुणी म्हटलं तर ते चुकीचं आहे.

केसपेपर, एक्स-रे, औषधांच्या पावत्या यांचे मोबाइलवर फोटो काढून माहेरच्या विश्वासू माणसाला पाठवून ठेवा. वळ उठले असतील तर चेहरा दिसेल असा एक आणि जखमेचा जवळून एक फोटो घ्या.

घर सासूच्या नावावर आहे. बाहेर काढलं. मला परत जाता येईल का?

येईल. घर कुणाच्या नावावर आहे, यावर तुमचा राहण्याचा हक्क अवलंबून नाही. ज्या घरात नातं म्हणून राहिलात ते सामायिक घर, आणि तिथून कोर्टाच्या प्रक्रियेशिवाय काढता येत नाही. घर सासू-सासऱ्यांचं असलं तरी ते सामायिक घर ठरू शकतं, असा सुप्रीम कोर्टाचा 2020 चा निकाल आहे. लक्षात घ्या, हा राहण्याचा हक्क आहे. याने घर तुमच्या मालकीचं होत नाही.

परत त्याच घरात जायची भीती वाटत असेल, तर वेगळ्या खोलीचं भाडं मागता येतं. नवऱ्यालाच काही काळ घराबाहेर राहायला सांगावं, असंही मागता येतं, मात्र असा आदेश घरातल्या बाईविरुद्ध, म्हणजे सासू-नणंदेविरुद्ध, देता येत नाही.

भांडी, कपाट, दागिने तिकडेच राहिले असतील तर यादी करा. लग्नाचे फोटो, आहेराची वही, सोनाराची पावती यातलं जे असेल ते लावा. कोर्ट पोलिसांच्या मदतीने स्त्रीधन परत द्यायला सांगू शकतं.

खावटी किती मिळते? तो म्हणतो मला कामधंदाच नाही.

ठरलेला आकडा नाही. तुमच्या दोघांचं राहणीमान, त्याची कमाई आणि लेकरं किती यावर कोर्ट ठरवतं. 2020 च्या एका निकालानंतर दोन्ही बाजूंना उत्पन्नाचं आणि मालमत्तेचं शपथपत्र द्यावं लागतं, आणि खावटी अर्ज केल्याच्या तारखेपासून धरली जाते. त्यामुळे अर्ज आज केला काय न् वर्षाने केला काय, याने बराच फरक पडतो.

“कामधंदा नाही” हे बहुतेक सगळेच म्हणतात. धडधाकट माणसाचं हे म्हणणं कोर्ट सहसा ऐकून घेत नाही. पण पुरावा तुम्ही गोळा केलात तर काम सोपं होतं. शेत असेल तर सातबारा आणि आठ-अ ऑनलाइन निघतात. कापूस-सोयाबीन कुठल्या आडतीवर घातला, ऊस कुठल्या कारखान्याला गेला, ट्रॅक्टर कुणाच्या नावावर आहे, हे लिहून द्या. नोकरी असेल तर मालकाने पगारातून परस्पर कापून द्यावं असाही आदेश होतो.

कायद्यात पहिली तारीख साधारण तीन दिवसांत आणि निकाल 60 दिवसांत व्हावा असं म्हटलंय. प्रत्यक्षात तारखा पडत जातात, हे तालुका कोर्टाच्या व्हरांड्यात अर्धा दिवस बसलेल्या कुणालाही माहीत आहे. म्हणून पहिल्याच दिवशी अंतरिम आदेशाचा अर्ज जोडा. तातडी दिसली तर समोरची बाजू ऐकण्याआधीही कोर्ट आदेश देऊ शकतं. वकील हे विसरले तर तुम्ही आठवण करा.

आदेश होऊनही पैसे आले नाहीत तर वसुलीचा अर्ज करायचा. त्यात वॉरंट निघतं, कैदही होऊ शकते. थकबाकी साचू देऊ नका. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 144 खालच्या (जुनं 125) खावटीत रक्कम देय झाल्यापासून वर्षाच्या आत वसुली मागावी लागते.

वकिलाला द्यायला पैसे नाहीत.

लागत नाहीत. विधी सेवा प्राधिकरण कायदा, 1987 प्रमाणे बाईला फुकट वकील मिळतो आणि तिचं उत्पन्न किती हे पाहिलं जात नाही. तालुका कोर्टात तालुका विधी सेवा समिती, जिल्हा कोर्टात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण. फोन 15100. नेमून दिलेल्या वकिलाने कागदासाठी, टायपिंगसाठी म्हणून पैसे मागितले तर त्याच समितीच्या सचिवांकडे लेखी तक्रार करा. हे घडतं म्हणून लिहितोय.

रात्री लेकरं घेऊन बाहेर पडले तर जायचं कुठं?

जिल्ह्याच्या ठिकाणी सखी वन स्टॉप सेंटर आहे, बहुतेक ठिकाणी जिल्हा रुग्णालयाच्या आवारात किंवा आसपास. तिथे पाच दिवसांपर्यंत राहता येतं. जेवण, दवाखाना, पोलिसांची आणि वकिलाची मदत, समुपदेशन एकाच जागी मिळतं. ही योजना 1 एप्रिल 2015 ला सुरू झाली. त्याहून जास्त दिवस लागणार असतील तर शक्ती सदन (पूर्वीचं स्वाधार गृह) किंवा शासकीय महिला राज्यगृह. लेकरं सोबत नेता येतात, मात्र मोठ्या मुलाच्या बाबतीत वयाची अट असते. ती आधीच विचारून घ्या, नाहीतर दारात गेल्यावर माय आणि पोरगा वेगळे होण्याची पाळी येते.

निघताना जमलं तर आधार कार्ड, बँक पासबुक, लेकरांचे जन्मदाखले, लग्नपत्रिका किंवा लग्नाचा एखादा फोटो बरोबर घ्या. जमलं नाही तर तशाच निघा. कागद नंतर मागवता येतात.

आम्ही ऊसतोडीला जातो. तिकडं कोपीत मारलं तर तक्रार कुठं करायची?

हा प्रश्न बीड, धाराशिव, जालना, परभणीकडच्या बायकांचा. दिवाळीनंतर गाव रिकामं होतं, सहा महिने फडावर. नवरा-बायको मिळून एक कोयता, म्हणजे तोडीची एक जोडी. उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेताना मुकादमाकडे अंगठा बहुतेकदा नवऱ्याचा. बाईने कोपी सोडली तर कोयता मोडला म्हणून उचलीचा बोजा तिच्या माहेरावरही टाकतात. मारहाण दिसत असूनही मुकादम “तुमचं तुम्ही मिटवा” म्हणतो, कारण त्याला ऊस तुटण्याशी मतलब.

2005 च्या कायद्यात हद्दीचं बंधन सैल ठेवलंय ते अशाच बायकांच्या कामी येतं. तुम्ही तात्पुरत्या जिथे राहता, जिथे काम करता, जिथे तो राहतो किंवा जिथे मारहाण झाली, यांपैकी कुठल्याही ठिकाणच्या मॅजिस्ट्रेटकडे अर्ज चालतो. फड कोल्हापूर-सांगलीकडे असो वा कर्नाटकात, कायदा तोच आहे, 112 आणि 181 तिथेही लागतात. तिथल्या सरकारी दवाखान्याचा कागद मात्र घेऊन या. गावी आल्यावर अर्ज माहेरच्या तालुक्यात करा, पण तो कागद नसेल तर सहा महिन्यांपूर्वीचं सांगायला फक्त तुमचं तोंड उरतं. आणि बुडालेली मजुरीही अर्जात मागा. कमाईच्या नुकसानीची तरतूद आहे, ती कुणी वापरत नाही.

उचल नवऱ्याने घेतली असेल, तुम्ही कशावर सही-अंगठा केला नसेल, तर ती फेडण्यासाठी तुम्हाला अडवून ठेवायचा अधिकार कुणालाही नाही. अडवलं तर तो वेगळा गुन्हा आहे. 112 वर तसंच सांगा.

भावकीने बैठक घेऊन बाँडवर सोडचिठ्ठी लिहून घेतली. ती चालते का?

हिंदू विवाह कायद्याखालच्या लग्नात घटस्फोट कोर्टातूनच होतो. ज्या समाजात रीतीप्रमाणे काडीमोड जुन्या काळापासून चालत आलेली आहे, तिथे अपवाद निघू शकतो, पण ती रीत कोर्टात सिद्ध करावी लागते. नोटरीचा शिक्का बसला म्हणून लग्न सुटत नाही. त्या बाँडवर “यापुढे खावटी मागणार नाही” असं लिहून घेतलं असेल तर घाबरू नका, अंगठा दिला तरी खावटीचा हक्क असा संपत नाही. बाँडची झेरॉक्स तेवढी मिळवा.

जातपंचायतीने वाळीत टाकायची धमकी दिली, तर 2016 चा सामाजिक बहिष्कार प्रतिबंधक कायदा आहे. तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड.

बैठकीत पोलीस पाटील, सरपंच असे चार जाणते बसून खरोखर मिटलेली भांडणंही आहेत, नाही असं नाही. पण बैठकीत बाईला बोलू दिलं का, एवढं बघा. ती ओट्याच्या मागे आणि मामा-काका पुढे, असं असेल तर ती तडजोड पुरुषापुरुषांत झाली.

आम्ही मुसलमान आहोत. हा कायदा आम्हाला लागू आहे का?

2005 चा कायदा सगळ्या धर्मांच्या बायकांना लागू आहे. एका दमात दिलेला तीन तलाक 2019 च्या कायद्याने रद्दबातल आहे आणि गुन्हाही आहे, तीन वर्षांपर्यंत कैद. तलाकनंतरची खावटी फक्त इद्दतपुरती, म्हणजे तलाकनंतरच्या ठरावीक काळापुरती, असं सांगणारे अजून भेटतात. सुप्रीम कोर्टाने 2024 मध्ये पुन्हा सांगितलं आहे की तलाक झालेल्या मुस्लिम बाईला जुन्या कलम 125 खाली खावटी मागता येते.

लग्न सतराव्या वर्षी लावलं. आता तक्रार केली तर माझ्याच आईबापावर केस होईल?

या भीतीपायी आमच्याकडे कितीतरी पोरी गप्प आहेत, म्हणून सरळ सांगतो. बालविवाह लावणाऱ्यांना, म्हणजे आईवडिलांनाही, शिक्षा होऊ शकते. मात्र बाईला कैदेची शिक्षा बालविवाहाच्या कायद्यात नाही. तुम्ही आता 18 पूर्ण असाल आणि मारहाणीविरुद्ध 2005 च्या कायद्याखाली अर्ज करत असाल, तर तो अर्ज आईबापाविरुद्ध नसतो. बालविवाह झाला म्हणून 2005 च्या कायद्याचं संरक्षण जात नाही.

अजून 18 पूर्ण नसतील तर गोष्ट वेगळी. मग पोलीस, डॉक्टर यांना पोक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याखाली कळवावंच लागतं. 1098 या मुलांच्या हेल्पलाइनवर फोन करा, बालकल्याण समिती तुमच्या राहण्याची आणि शाळेची सोय बघते. लग्नच रद्द करून घ्यायचं असेल तर 20 वर्षांची होईपर्यंत कोर्टात अर्ज करता येतो. त्यानंतर ही वाट बंद होते.

मी विधवा आहे. दीर आणि सासू मारतात, शेतातून हुसकावतात.

हा कायदा फक्त नवरा-बायकोचा नाही. विधवा सून, आई, बहीण, लग्नासारख्या नात्यात सोबत राहिलेली बाई, सगळ्यांना आहे. सासू-नणंदेविरुद्धही अर्ज होतो. पूर्वी सज्ञान पुरुषाविरुद्धच अशी अट होती, ती सुप्रीम कोर्टाने 2016 मध्ये काढली. शेतातल्या हिश्शाचा दावा मात्र वेगळा. त्यासाठी विधी सेवा समितीचाच वकील मागा आणि फेरफारावर हरकत लगेच नोंदवा. म्हाताऱ्या आईला मुलगा मारत असेल तर 2007 चा ज्येष्ठ नागरिकांचा कायदाही आहे. त्यासाठी हेल्पलाइन 14567.

वेगळी झाले. आता खायचं काय? कुठली योजना मिळते?

संजय गांधी निराधार अनुदान योजनेत घटस्फोट झालेल्या किंवा घटस्फोटाच्या प्रक्रियेत असलेल्या, पोटगी न मिळणाऱ्या आणि अत्याचारित बायका बसतात. महिन्याला 1500 रुपये, अर्ज तहसीलला. उत्पन्नाच्या दाखल्याची मर्यादा वर्षाला 21 हजार ठेवलेली आहे. आजच्या मजुरीच्या दराने ती हास्यास्पद आहे, पण दाखला त्याच्या आतला लागतो. लाडकी बहीण चालू असेल तर दोन्ही एकत्र मिळत नाहीत.

लेकरांसाठी सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना आहे. एकट्या पालकाच्या मुलाला महिन्याला 2250 रुपये. बालकल्याण समितीचा आदेश लागतो, अर्ज जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात. हिच्याबद्दल फार कमी जणींना माहीत आहे, आणि पैसे वेळेवर येतील या भरवशावर दुकानदाराची उधारी वाढवू नका.

रेशनकार्डातून नाव कमी करून वेगळं कार्ड काढायला नवऱ्याची सही मागतात, तिथे बायका अडतात. कोर्टातल्या अर्जाची किंवा डीआयआरची प्रत जोडून तहसीलच्या पुरवठा शाखेत लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. शाळेचंही तसंच. सासरच्या गावच्या शाळेचा दाखला मिळाला नाही म्हणून सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला प्रवेश नाकारता येत नाही. आधी वर्गात बसवायचं, दाखला मागाहून शाळेने शाळेकडून मागवायचा.

बायका खोट्या केसेस करतात म्हणतात.

करणाऱ्या काही असतील. त्यासाठी कोर्ट आहे, आणि अटकही आता आपोआप होत नाही. सुप्रीम कोर्टाच्या 2014 च्या निर्देशांनंतर पोलीस आधी नोटीस देतात. पण तालुक्याला अर्ज घेऊन येणारी बाई पाच-सात वर्षं सोसून आलेली असते, हे पाहिलेला माणूस हा प्रश्न पहिल्यांदा विचारत नाही.

मी शेजारी आहे. कळवलं तर माझ्यावर शेकेल का?

चांगल्या हेतूने संरक्षण अधिकाऱ्याला कळवणाऱ्यावर दिवाणी वा फौजदारी जबाबदारी येत नाही, असं कायद्याच्या चौथ्या कलमात आहे. आशाताई, अंगणवाडीताई, मास्तर कुणीही कळवू शकतं. मात्र बाईला न विचारता परस्पर कळवून बसू नका, जिवाला धोका दिसत असेल तेव्हाचं वेगळं. रात्री घरात तीच असते.

फोन त्याच्याच हातात असतो. मी विचारपूस करायची कशी?

दुसरीच्या फोनवरून करा: बचत गटाची बैठक, अंगणवाडी, दवाखान्याचा पोलिओचा दिवस, लसीकरणाचा दिवस. स्वतःच्या फोनवरून केलाच तर कॉलच्या यादीतून नंबर पुसा, आणि वाचलेलं पानही हिस्टरीतून काढा. कागदांचे फोटो फोनवर ठेवू नका, पाठवून झाले की डिलीट करा आणि नंतर डिलीट केलेल्यांच्या फोल्डरमधूनही काढा, ते तिथे महिनाभर राहतात.